वहीत काय लिहायचं नाही? (युद्धाच्या टापूतलं फील्डवर्क)

रानवाट

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. मी मानवशास्त्रात पीएचडी करतेय, फील्डवर्क संपलंय, तीन चॅप्टर गाइडकडे गेलेत आणि चौथ्याला गाडी अडलीये ती अडलीच. विषय विस्थापित कुटुंबांचा, जिथे लढाई अजून पुरती थांबलेली नाही अशा भागातला. देश, गाव, भाषा यातलं काही सांगणार नाही आणि कृपया अंदाजही बांधू नका, का ते खाली कळेलच.

सात महिने तिथे होते. नोंदी सगळ्या मराठीत लिहायचे, कारण वही कोणाच्याही हाती लागली तरी वाचणार कोण, असा माझा ठाम समज. माझ्या दुभाषी माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, त्यांना इथे नुसतं ताई म्हणते. एका दुपारी वस्तीवरून परत येताना चेकपोस्टवर आम्हाला उतरवलं, बॅग रिकामी केली आणि एक जवान वही चाळायला लागला. चाळीस-पन्नास पानं उलटली असतील, चेहरा कोरा. मग एका पानावर थांबला. त्या पानावर मी वस्तीचा नकाशा काढला होता, गल्ल्या, पाण्याचा नळ, कोण कुठल्या गावाहून आलं त्याचे ठिपके, आणि ज्या घरातले पुरुष "कामाला बाहेर गेलेत" असं सांगायचे त्या ठिपक्यांभोवती एकेक गोल. गोल माझ्या सोयीसाठी होते, दुसरं काही मनात नव्हतं. पण नकाशा वाचायला भाषा लागतच नाही ना. त्याने एका गोलावर बोट ठेवून नखाने दोनदा टोकलं, हे काय.

मी तोंड उघडायच्या आत ताई बोलल्या की नळ आहेत, नवे नळ कुठे बसवायचे ते या मॅडम बघतायत. इतक्या सहज बोलल्या की मलाही क्षणभर खरं वाटलं. वही परत मिळाली. रात्री ते पान जाळलं, पण नकाशा डोक्यात आहे आणि चौथा चॅप्टर सगळा त्याच्यावरच उभा आहे, कोण कोणाच्या शेजारी राहायला आलं आणि का.

मी परत आल्यावर ताईंना दोनदा चौकशीला नेलं. काय विचारलं ते त्या फोनवर सांगत नाहीत, मीही विचारत नाही.

आता हा चॅप्टर छापावा का? नावं बदलून भागतं का? अशा ठिकाणी काम केलेल्यांनी, वाचलेल्यांनी प्लीज लिहा.

मीनाक्षी_व

रानवाट, हे मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल धन्यवाद. मी हा विषय शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल.

नावं बदलून भागत नाही. हजार माणसांच्या वस्तीत "दोन मुलींची आई असलेली विधवा शिंपीण" असं लिहिलं की नाव काहीही द्या, तिथल्या प्रत्येकाला कळतं कोण ती. बाहेरच्या वाचकापासून लपवणं सोपं असतं, पण धोका बाहेरच्या वाचकाकडून नसतोच, तो शेजारच्याकडून, गावातल्या खबऱ्याकडून असतो.

दुसरं म्हणजे कन्सेंट फॉर्म. संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिट्या अजूनही कधीकधी सही मागतात. युद्धाच्या भागात सही केलेला कागद म्हणजे हा माणूस परक्या माणसाशी बोलला याचा लेखी पुरावा, आणि तो पुरावा आपणच बॅगेत घालून फिरतो. आता बऱ्याच ठिकाणी तोंडी संमती चालते पण ती आधी मागून घ्यावी लागते. माझी एक विद्यार्थिनी फॉर्म घेऊन गेली होती, समोरच्या बाईंनी पेन हातात घेतलं, टोक कागदाला टेकवलं, तसंच धरून ठेवलं आणि मग पेनाला टोपण लावून परत दिलं. एक शब्द बोलल्या नाहीत. विद्यार्थिनीने सगळे फॉर्म त्याच दिवशी परत पाठवले.

आणि मिर्ना मॅक यांच्याबद्दल वाचलं नसेल तर वाचा. ग्वाटेमालाच्याच मानवशास्त्रज्ञ, लष्कराच्या मोहिमांमुळे देशातल्या देशात विस्थापित झालेल्या माया लोकांवर त्यांचं काम होतं, म्हणजे तुमचाच विषय. ११ सप्टेंबर १९९० ला ग्वाटेमाला सिटीत ऑफिसातून बाहेर पडताना त्यांना भोसकून मारलं, २७ वार. तपास करून लष्कराकडे बोट दाखवणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला पुढच्याच वर्षी गोळ्या घातल्या. मिर्नांची बहीण हेलन या काही राजकारणातल्या बाई नव्हत्या, पण त्या मागे हटल्या नाहीत. मारेकरी लष्करी गुप्तचर खात्यातला निघाला, त्याला १९९३ मध्ये शिक्षा झाली, आणि २००३ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने ग्वाटेमाला सरकारला जबाबदार धरलं.

हे लिहिताना मला नेहमी एकच गोष्ट टोचते. अशा देशांत परदेशी पासपोर्टवाला संशोधक अडचणीत आला तर बहुतेक वेळा त्याला विमानात बसवून परत पाठवतात. तिथल्याच संशोधकाला आणि दुभाष्याला कुठे पाठवणार?

दुर्बीण

धागा वाचून अस्वस्थ झालो. मी या क्षेत्रातला नाही त्यामुळे प्रश्न भाबडा वाटला तर सांभाळून घ्या, पण मुळात तिथे जायचंच कशाला? बातमी द्यायला पत्रकार आहेत, मदतीला संस्था आहेत. आणि जवानाला संशय आला यात त्याचं तरी काय चुकलं, मानवशास्त्रज्ञ लष्करासाठी काम करतात असं मीही वाचलंय.

मीनाक्षी_व

@दुर्बीण, प्रश्न अजिबात भाबडा नाही, आमच्या क्षेत्राला तो शंभर वर्षं चावतोय.

पहिल्या महायुद्धात काही अमेरिकी मानवशास्त्रज्ञांनी संशोधनाच्या नावाखाली हेरगिरी केली. ज्येष्ठ मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी डिसेंबर १९१९ मध्ये 'द नेशन' साप्ताहिकात पत्र लिहून ते उघड केलं, निदान चार जण असं लिहिलं, नावं दिली नाहीत. मुद्दा साधा होता, एकाने असं केलं की पुढे प्रत्येक प्रामाणिक संशोधकाकडे हेर म्हणूनच बघतील. त्यांच्याच संघटनेने, अमेरिकन अँथ्रॉपॉलॉजिकल असोसिएशनने, दहाच दिवसांत २० विरुद्ध १० मतांनी बोआस यांचाच निषेध केला. तो निषेध मागे घ्यायला २००५ उजाडलं.

आणि तुम्ही वाचलंत ते बहुधा 'ह्यूमन टेरेन सिस्टिम'. इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकी लष्कराच्या तुकड्यांबरोबर समाजशास्त्रज्ञ नेमायचे. २००७ मध्ये त्याच संघटनेच्या कार्यकारिणीने याला जाहीर नापसंती दिली. बंदूकधारी सैनिक शेजारी उभा असताना समोरच्याने "हो, बोलतो" म्हटलं तर त्या होकाराला किंमत काय? आणि त्याने सांगितलेलं उद्या कोणाच्या घरावर छापा घालायला वापरलं जाणार नाही हे कोण सांगणार? त्यात गेलेली माणसंही चांगल्या इराद्याने गेली होती हे मला सांगायलाच हवं. पॉला लॉइड नोव्हेंबर २००८ मध्ये कंदाहार प्रांतातल्या एका गावात एका माणसाशी इंधनाच्या भावाबद्दल बोलत होत्या, त्याने अंगावर इंधन ओतून पेटवलं, जानेवारीत त्या गेल्या. पकडलेल्या त्या माणसाला त्यांच्याच सहकाऱ्याने तिथेच गोळी घातली. २०१४ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला पण संशय मागे राहिला, आणि तो रानवाटच्या वहीपर्यंत येऊन पोचला.

अबोली

@दुर्बीण, "जायचंच कशाला" याला माझं उत्तर. पत्रकार बहुतेक वेळा घटना घडली की येतो. मानवशास्त्रज्ञ आधीपासून तिथे असतो, निदान असायला हवा, आणि गोळीबार नसतो त्या दिवसांत काय चालतं ते त्याला दिसतं. म्हणजे लग्नं कशी ठरतात, कर्ज कोण देतं, कोण कोणाच्या दारावरून जाणं टाळतं. मानवशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन डॅनियल श्रीलंकेत मळ्यावरच्या तमिळ बायकांची लोकगीतं गोळा करायला गेले होते, ते साल निघालं १९८३, तमिळविरोधी दंगलींचं. गाणी राहिली बाजूला, लोक त्यांना जे घडलं तेच सांगायला लागले. वीणा दास यांनी १९८४ च्या हत्याकांडानंतर दिल्लीत सुलतानपुरीतल्या बायकांबरोबर काम केलं, तेही असंच, विषय आपणहून समोर येऊन उभा राहिला.

पण खरं सांगायचं तर तिथे असूनही न दिसल्याची उदाहरणं आहेत. पेरूमध्ये 'शायनिंग पाथ' या माओवादी बंडखोर संघटनेने युद्ध सुरू केलं ते १७ मे १९८० ला, चुस्ची नावाच्या डोंगरातल्या गावात मतपेट्या जाळून. त्या चुस्चीवर एका मानवशास्त्रज्ञ बाईंचं गाजलेलं पुस्तक १९७८ मध्येच आलं होतं! मानवशास्त्रज्ञ ओरिन स्टार्न यांनी १९९१ मध्ये आपल्याच लोकांना सुनावलं की आपण अँडीजमधल्या रूढी-परंपरा टिपत बसलो आणि पोरांच्या डोक्यात साठलेला राग आपल्याला दिसलाच नाही. पुढे सत्यशोधन आयोगाने मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे ६९ हजारांचा अंदाज काढला, आणि त्यातले चारात तीन जण केचुआ किंवा दुसरी मूळ भाषा बोलणारे.

त्यामुळे मला तरी जाणं पटतं. जाऊन भलतंच बघणं पटत नाही.

रानवाट

अबोली, शेवटचं वाक्य चिकटवून ठेवलंय.

मला अजून एक छळतं. ताई भाषांतर करताना कधीकधी वाक्यच्या वाक्य गाळायच्या. समोरचा माणूस दोन मिनिटं बोलायचा आणि ताई सांगायच्या, "म्हणतायत की हिवाळा कठीण गेला." पहिले दोन महिने मला राग यायचा, डेटा जातोय म्हणून. फार उशिरा कळलं की त्या जे गाळत होत्या ते माझ्या वहीत जायला नको असंच होतं. म्हणजे वहीची एडिटर मी नव्हतेच, त्या होत्या. हे थीसिसमध्ये कुठे लिहू? मेथडॉलॉजीत "दुभाष्याची मदत घेतली" एवढं एक वाक्य टाकायची पद्धत आहे, मला ते आता लिहवत नाही.

शाईपेन

गाळण्यावरून मानवशास्त्रज्ञ फिलिप बूर्ज्वा आठवले. १९८१ मध्ये पीएचडीचे विद्यार्थी असताना ते होंडुरासमधल्या निर्वासित छावणीतून हद्द ओलांडून यादवी चाललेल्या एल साल्वादोरमध्ये गेले, दोन दिवसांत परत यायचं म्हणून. तेवढ्यात लष्कराने तो भाग घेरला आणि हजारभर गावकऱ्यांबरोबर चौदा दिवस रात्रीचं पळणं, दिवसा लपणं. तान्हं मूल रडलं की आवाजाच्या रोखाने गोळीबार व्हायचा, यावरून पुढचं तुम्हीच समजा. परत येऊन त्यांनी पत्रकारांना सगळं सांगितलं तर विद्यापीठातून काढायचीच वेळ आली, का तर परवानगीशिवाय हद्द ओलांडली वगैरे.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. वीसेक वर्षांनी त्यांनी स्वतःच लिहिलं की तेव्हा मी फक्त लष्कराचे अत्याचार मांडले, लष्कराशी लढणाऱ्या बंडखोरांच्या आत आपसात जी हिंसा चालायची, घरातली, बायकांवरची, ती मी बाजूला ठेवली कारण शीतयुद्धाच्या त्या दिवसांत ते लिहिलं असतं तर मारणाऱ्यांच्याच हातात कोलीत गेलं असतं. म्हणजे तेव्हा न लिहिणं एका अर्थी बरोबर होतं आणि वीस वर्षांनी लिहिणंही बरोबर होतं असं मला वाटतं. रानवाट, छापायचं की नाही याच्याइतकाच कधी छापायचं हाही प्रश्न आहे, तेवढा विचार करा.

स्थिरबिंदू

पान जाळलंत आणि नकाशा डोक्यात आहे म्हणालात म्हणून लिहितो. मानवशास्त्रज्ञ एडमंड लीच यांच्या ब्रह्मदेशातल्या काचिन लोकांवरच्या नोंदी दुसऱ्या महायुद्धात गेल्या, तरी १९५४ चं पुस्तक झालंच. आपल्या समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांचं तर सगळ्यांना माहीत असेल, २४ एप्रिल १९७० ला स्टॅनफर्डमधल्या त्यांच्या संशोधन केंद्राला आग लावली गेली, व्हिएतनाम युद्धामुळे अमेरिकी कॅम्पस पेटलेले असतानाचा तो काळ, आणि रामपुरा गावावरच्या अनेक वर्षं लावलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती एकाच खोलीत असल्याने तिन्ही जळल्या. मग आठवणीतून लिहिलं.

त्यामुळे वही नसली तरी पुस्तक होतं, आणि तुम्हाला हवंय त्याच्या उलट सांगायचं तर पान जाळलं म्हणून धोका जळत नाही. आठवणीतून लिहिलेला नकाशा छापला तरी तो नकाशाच.

लोहचुंबक

माझं काम आयटी सिक्युरिटीचं आहे, दोनच गोष्टी सांगतो. वहीचं सोडा, फोन बघा. फोटोत जागेचे कोऑर्डिनेट्स असतात, चॅटमध्ये ताईंचा नंबर असतो, क्लाउड बॅकअप आपोआप चालू असतो. हद्दीवर फोन उघडायला लावला तर एन्क्रिप्शनचा काही उपयोग नाही कारण पासवर्ड तुम्हीच देणार. जे नेलंच नाही तेच सुरक्षित. आणि ताईंशी बोलताना इथला धागा, चॅप्टर वगैरे शब्द साध्या फोनवर उच्चारू नका, प्लीज.

दुसरं, "गुप्त ठेवू" असं वचन देताना ते पाळणं आपल्या हातात आहे का ते आधी बघा. उत्तर आयर्लंडच्या संघर्षातल्या माजी लढवय्यांच्या मुलाखती बॉस्टन कॉलेजने २००१ पासून रेकॉर्ड केल्या, बोलणाऱ्याला सांगितलं होतं की तुम्ही जिवंत असेपर्यंत टेप बाहेर येणार नाहीत. २०११ मध्ये ब्रिटनच्या विनंतीवरून अमेरिकी न्यायालयाचं समन्स आलं आणि काही टेप पोलिसांकडे गेल्याच. कुलूप चांगलं होतं, किल्ली मात्र कोर्टाकडे होती.

दुर्बीण

खूप शिकायला मिळतंय. मग सरळ नियम असा का करत नाही की कोणाचंच नाव कधीच लिहायचं नाही?

उत्खनन_क

@दुर्बीण, इथे मला बोलायलाच हवं कारण माझं काम बरोबर उलट आहे. मी न्यायवैद्यक मानवशास्त्रात आहे, म्हणजे सापडलेल्या हाडांवरून मेलेला माणूस कोण ते ठरवणं, आम्ही नावं शोधतो.

अर्जेंटिनात १९८३ मध्ये लष्करी राजवट संपली तेव्हा दफनभूमीत ओळीने कबरी होत्या, नोंदीत फक्त 'एन. एन.', म्हणजे नाव माहीत नाही. सुरुवातीला कोर्टाच्या हुकमाने जेसीबीसारख्या यंत्रांनी उकरलं, हाडं मोडली, एकमेकांत मिसळली, पुरावा गेला तो गेलाच. १९८४ मध्ये अमेरिकी न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ क्लाइड स्नो तिथे गेले आणि त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरलं, त्यातूनच अर्जेंटिनाची न्यायवैद्यक मानवशास्त्र टीम उभी राहिली. ब्रश, करणी, चाळणी घेऊन इंचाइंचाने काम. पुढे ग्वाटेमालात तशीच टीम तयार झाली.

आमचं अर्धं काम खड्ड्यात नसतं, घरात असतं. आईसमोर बसून विचारायचं, पुढचा दात तुटला होता का, लहानपणी हात मोडला होता का, शेवटचे कपडे कोणते होते. ग्वाटेमालात कित्येक बायका कापडाच्या विणीवरून माणूस ओळखतात. एका घरात (देश सांगत नाही) एक म्हातारी बाई माझ्या प्रत्येक प्रश्नाला आधी मुलाचं पूर्ण नाव घ्यायची आणि मग उत्तर द्यायची. चौथ्यांदा मी म्हटलं, आई, नाव लिहून घेतलंय. ती म्हणाली, माहितीये, पण वीस वर्षांत विचारायला कोणी आलंच नव्हतं.

त्यामुळे "कोणाचंच नाव नको" हा नियम ऐकला की मला त्रास होतो. ज्यांनी मारलं त्यांनाही हेच हवं असतं की नाव राहू नये. जिवंत माणसाचं नाव लपवायचं, मेलेल्याचं शोधायचं, इतपत सोपं असतं तर बरं झालं असतं, पण मेलेल्याचं नाव लिहिलं की त्याचं जिवंत घर उघडं पडतं.

अबोली

उत्खनन_क, वाचून थांबले थोडा वेळ.

नावावरून, राहिले दावुत यांचंही लिहून ठेवते. उइघुर मानवशास्त्रज्ञ, चीनच्या झिंजियांगमधले पीर-दर्गे आणि तिथली लोकपरंपरा हा त्यांचा विषय, ना बंदूक ना राजकारण. डिसेंबर २०१७ मध्ये बेपत्ता झाल्या. जन्मठेप झालीये हे जगाला पक्कं कळायला २०२३ उजाडलं. त्यांची मुलगी जिथे जाईल तिथे आईचं नाव घेते. तिथे नाव घेणं हेच संरक्षण आहे, जे काही असेल ते.

रानवाट

सगळ्यांचे खूप आभार. तीन दिवस लिहिलं नाही कारण ताईंशी बोलणं व्हायचं होतं. त्यांचे एक नातेवाईक त्या देशाबाहेर असतात, ताई त्यांच्याकडे आल्यात काही दिवस, म्हणून नीट बोलता आलं (लोहचुंबक, साध्या फोनवर नाही).

मी आधी नकाशाचं सांगितलं. त्या म्हणाल्या काढून टाक, शेजारी कोण राहतं ते लिहायचं असेल तर लिही पण घरं मोजता येतील असं लिहू नको. त्यावर मला वाद घालायला जागाच नव्हती. मग मी विचारलं की तुमच्याबद्दल लिहू का, नळांचं लिहू का. त्यावर हसल्या आणि म्हणाल्या, नळांचं लिही, तसं कोणीही बोललं असतं.

मग म्हणाल्या, माझं नाव नको, भावाचं लिही.

त्यांचा भाऊ गेली नऊ वर्षं बेपत्ता आहे. सात महिन्यांत त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं की एक भाऊ होता. मी म्हटलं, ताई, भावाचं नाव लिहिलं की तुम्ही कोण ते लगेच कळणार. त्या म्हणाल्या, मला कळतं ते, मी भाषांतराचंच काम करते. पण मी एवढी वर्षं तुझ्यासाठी, तुझ्या आधीच्यांसाठी दुसऱ्यांची माणसं सांगत आले, माझा माणूस कुठल्याच वहीत नाही.

मला उत्तर सुचलं नाही, अजूनही नीट सुचलेलं नाही. शाईपेन म्हणतात तसं 'कधी'चा विचार केला. गाइडशी बोलले, थीसिस परीक्षकांखेरीज पाच वर्षं कोणालाही उघडता येणार नाही असा अर्ज करता येतो, तो करतेय. चौथा चॅप्टर नकाशाशिवाय परत लिहितेय. मेथडॉलॉजीत दुभाषी या विषयावर अख्खा भाग टाकतेय, त्यांनी काय गाळलं ते न सांगता त्यांनी गाळलं हे सांगणारा. भावाच्या नावाची जागा सध्या मोकळी आहे, पाच वर्षांनी ती भरायची की नाही हे ताई ठरवतील, मी नाही.

मीनाक्षी_व

अर्ज मंजूर झाला की लेखी घ्या, ईमेलवर नाही तर सहीशिक्क्याचं पत्र. आणि ताई परत जाणार आहेत का?

रानवाट

हो. घर तिथेच आहे म्हणतात.

उत्खनन_क

रानवाट, एक विनंती. भावाचं नाव थीसिसमध्ये येवो न येवो, ताई परत जायच्या आत त्यांच्याबरोबर बसून त्याची माहिती लिहून घ्या. उंची, दात, जुनं फ्रॅक्चर, कुठला हात जास्त वापरायचा, शेवटचे बूट कोणत्या मापाचे. ताईंची तयारी असेल तर डीएनएसाठी नमुना सुरक्षित देशातल्या एखाद्या टीमकडे ठेवता येतो, कोणाकडे ते मी व्यनि (खाजगी निरोप) करतो. कधी खणलं जाईल ते माहीत नाही, वीस वर्षंही लागतील, पण तोपर्यंत आठवणारं माणूस राहिलं नाही की आमच्याकडे नुसती हाडं उरतात. तो कागद तुमच्याकडे ठेवू नका, ताईंकडेही नको.

रानवाट

व्यनि मिळाला. आज रात्री बसतोय आम्ही.

डाव्या हाताची करंगळी लहानपणी दारात सापडून वाकडी झाली होती, एवढं त्यांनी आत्ताच सांगितलं, मी विचारायच्या आधीच.